एक काम अथपासून इतिपर्यंत

कॉलेजात शिकणारी मुलंमुली भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचंय, कोणता कोर्स करू? नोकरीच्या जाहिरातींत हे शब्द सतत दिसतात. नोकरीला लागलेली मोठी भावंडं त्याबद्दल बोलतात. फी भरली की मिळणारी ही एखादी वस्तू आहे, असा समज त्यातूनच होत असावा. माझी कारकीर्द बांधकामाच्या प्रकल्पांवर गेली, आणि आता नवीन मुलांच्या मुलाखती घेण्याचं कामही माझ्याकडे असतं. म्हणून कळकळीनं सांगते, कोर्सची घाई करू नका. पदवी हाती पडण्याआधी एक तरी काम असं करा, जे पहिल्या चर्चेपासून शेवटच्या हिशोबापर्यंत तुमच्या अंगावर होतं. लहान असलं तरी चालेल, पण ते पुरतं करा.

तारीख ठरलेली, पैसा मोजका आणि माणसं आपल्या पगारावर नसलेली, अशा अवस्थेत काम तडीस न्यायचं, हे या विद्येचं मूळ आहे. विद्यार्थ्याला ही अवस्था जेवढी सहज मिळते तेवढी नोकरीत पहिली काही वर्षं मिळत नाही. तिथं तुम्हाला मोठ्या कामाचा एक तुकडा दिला जातो. कॉलेजात मात्र गॅदरिंग, टेक फेस्ट, एकांकिका स्पर्धा, एनएसएसचं शिबिर, अंतिम वर्षाचा प्रकल्प अशी पुरती कामं समोर पडलेली असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटलाही क्रेडिट आहेत. तेव्हा ‘वेळ कुठून काढू’ हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. जे करायचंच आहे ते नीट करायचं, एवढंच उरतं.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. एनएसएसच्या स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, अशी रीत आहे. समजा, तुमच्या शिबिरात वनराई बंधारा घालायचं ठरलं. पावसाळा सरल्यावर ओढ्याला जे पाणी वाहत राहतं, ते सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून अडवायचं. काम ऐकायला सोपं आहे.

शिबिरं बहुधा सत्राच्या परीक्षा उरकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत होतात. पण ओढ्याला तोवर पाणी राहील का? कोरडवाहू भागातला लहान ओढा पुष्कळदा डिसेंबरातच आटतो. याचं उत्तर कॉलेजात बसून मिळत नाही. गावात जाऊन ओढ्याकाठी ज्याचं रान आहे त्या शेतकऱ्याला विचारावं लागतं. ‘संक्रांतीला आलात तर नुसते धोंडे दिसतील, दिवाळी झाली की लगेच या,’ असं तो म्हणाला, की तुमची खरी तारीख ठरली. ती पाण्यानं ठरवली. कॉलेजच्या वेळापत्रकानं ठरवलेली तारीख तिच्याशी जुळत नसेल, तर प्राचार्यांकडे जाऊन शिबिर अलीकडे घ्यायची विनंती करावी लागेल, किंवा बंधाऱ्याऐवजी दुसरं काम निवडावं लागेल. हा निर्णय सप्टेंबरात घेता येतो. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी कोरड्या पात्रात उभं राहून तो घेता येत नाही.

आता पोत्यांचा हिशोब करू. पात्र सहा मीटर रुंद आहे, बंधारा एक मीटर उंच आणि सरासरी सव्वा मीटर जाडीचा धरला, तर साडेसात घनमीटर झाले. भरून शिवलेलं पोतं साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १५ जाड बसतं. भागाकार केला की २०८ पोती येतात. फाटकी-उसवलेली जमेस धरून २५० म्हणा. भरलेलं पोतं पन्नास किलोच्या घरात जातं, म्हणजे एकूण दहा-अकरा टन माती उचलायची आहे. माती पन्नास पावलांवर मिळाली तर पोरं रांग लावून पोती पुढं सरकवतील. दोनशे पावलांवर मिळाली तर त्याच पोरांना दुप्पट दिवस लागतील, किंवा ट्रॅक्टर सांगावा लागेल. ट्रॅक्टर म्हणजे डिझेल, आणि डिझेल म्हणजे पैसे, जे तुमच्या अंदाजपत्रकात नव्हते. ही एवढी बेरीज-गुणाकार आठवीतल्या गणिताच्या पुढची नाही. तरीही बहुतेक गट ती न करताच निघतात, हे मला फार खटकतं. अभियांत्रिकीला असलेली मुलंसुद्धा.

बरं, २५० रिकामी पोती आणायची कुठून? बांधकामाच्या साइटवर मिळतात, पण ठेकेदार ती रोजच्या रोज साठवत नाही. भंगारवाल्याला देऊन टाकतो. त्याला आधी जाऊन सांगून ठेवावं लागतं, मधून मधून आठवण द्यावी लागते, आणि ती गोळा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दाभण आणि सुतळी एका दुपारी बाजारातून येईल. घमेली, फावडी, टिकाव ग्रामपंचायतीकडून किंवा गावातून मिळतील. शिबिराचं बॅनर दोन दिवसांत छापून होतं. तेव्हा सर्वांत आधी हात कशाला घालायचा? पोत्यांना. ती चुकली तर बाकी सगळं तयार असून उपयोग नाही. आपल्याकडे समितीची पहिली बैठक मात्र टी-शर्टचा रंग आणि बॅनरवरचं घोषवाक्य यांत संपते, आणि पोत्यांची आठवण निघायच्या आदल्या आठवड्यात होते.

एकावर एक अवलंबून असलेल्या कामांपैकी सर्वांत लांब जी साखळी असते, तीच कामाची अखेरची तारीख ठरवते. पुस्तकांत तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही साखळी शोधायची पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतल्या कामांतून आकाराला आली. हेन्री गँट या अभियंत्याच्या नावानं ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता तर तिच्याही आधीचा, १९१०च्या दशकातला. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. चौकटीची वही घ्या, वर ओळीनं तारखा, डावीकडे कामं, आणि प्रत्येक कामासमोर जेवढे दिवस तेवढी रेघ. मात्र रेघा मारायला शेवटच्या दिवसापासून सुरुवात करा आणि मागे मागे या. कोकण रेल्वे महामंडळाचे पहिले अध्यक्ष ई. श्रीधरन यांनी पुढे दिल्ली मेट्रोच्या कामांवर, किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती. साइटवरच्या प्रत्येकाला आजचा आकडा दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू. तुमच्या गटाच्या फळ्यावर तो आकडा रोज कुणीतरी खोडून नवा लिहायला काहीच हरकत नाही.

आता अंदाजाबद्दल. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं. तेव्हा सरासरी ४८.६ आली. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही तोकडा पडला. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं आळशी नव्हती. प्रत्येकानं आपापलं काम नजरेसमोर आणलं, त्यातल्या पायऱ्या मोजल्या, आणि मागच्या वेळी स्वतःला किती वेळ लागला होता याची आठवणच काढली नाही.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याच्याइतका गुणकारी दुसरा मला माहीत नाही. एका वहीत प्रत्येक कामासमोर सुरू करण्याआधी अंदाज लिहा, आणि संपल्यावर खरा वेळ. प्रयोगाची फाइल : दोन तास, लागले साडेतीन. प्रायोजकाला पत्र : एक दिवस, लागले पाच, कारण सही करणारे सर रजेवर होते. एका सत्रात तुम्हाला तुमचं स्वतःचं प्रमाण कळेल. कुणाचं दीडपट निघेल, कुणाचं दुप्पट. मग पुढच्या वेळी तोंडातून ‘दोन दिवस’ बाहेर पडण्याआधी तुम्ही त्या आकड्यानं गुणाल. मुलाखतीत एखादी मुलगी जर मला म्हणाली, ‘मला कोडिंगला सांगितलेल्या वेळेच्या दीडपट लागतो, म्हणून मी तसंच धरून चालते,’ तर तिच्या प्रमाणपत्रांची फाइल मी उघडणारही नाही. असं उत्तर देणारी मुलं फार थोडी असतात.

माणसांचा भाग याहून अवघड आहे. ‘आपण सगळे मिळून बघू’ असं ठरलं की ते काम कुणाचंच राहत नाही. म्हणून प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. मदतीला चार जण असोत, विचारायचं कुणाला ते एकच. शिवाय काम पुरं झालं म्हणजे नेमकं काय दिसेल, तेही लिहा. ‘पोती सांगून ठेवलीत’ ही बातमी झाली. ‘२५० पोती मोजून, गठ्ठे बांधून, कॉलेजच्या स्टोअरमध्ये ठेवली’ हे काम झालं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे माणसानं जबाबदारी घेतली असं समजू नका. समोरासमोर किंवा फोनवर विचारा, ‘तू हे अमुक तारखेला देतोस ना? मधे परीक्षा आहे, जमेल का?’ जमणार नसेल तर त्याला नाही म्हणायची मोकळीक द्या. आज आलेला नकार परवडतो.

गटात काम न करणारा एक जण असतोच, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. असतो, खरं आहे. पण त्याच्यावर चिडण्याआधी त्याला काय दिलं होतं ते पाहा. पुष्कळदा त्याच्या वाट्याला ‘रिपोर्टचं बघ’ एवढंच आलेलं असतं. त्याला दोन दिवसांत पुरं होईल असं नेमकं काम द्या आणि तिसऱ्या दिवशी विचारा. तरीही झालं नाही, तर गाईडना तेव्हाच सांगा. सबमिशनच्या आदल्या रात्री सांगून काहीही साधत नाही. आणि शेवटच्या आठवड्यात घाबरून नवी माणसं गोळा करू नका. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली सॉफ्टवेअरच्या कामांबद्दल लिहून ठेवलंय की, रखडलेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. सात दिवसांवर आलेल्या गॅदरिंगलाही हे तंतोतंत लागू पडतं.

वाईट बातमी वेळेवर सांगणं हे तर वेगळं शिकावं लागतं. आपल्या घरांत आणि शाळांत मोठ्यांपुढे ‘झालं नाही’ म्हणायची भीती लहानपणापासून बसते. मग पोरं ‘चालू आहे सर’, ‘होतंय मॅडम’ म्हणत दिवस ढकलतात. साइटवर या एका सवयीपायी लाखांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. काँक्रीट ओतायच्या सकाळी ‘सळई आलेली नाही’ हे कळणं आणि चार दिवस आधी कळणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा कॉलेजातच सवय लावून घ्या. गाईडसमोर जाऊन सांगा, ‘मॅडम, सेन्सर अजून आला नाही, दहा दिवस उशीर होईल. आमच्याकडे दोन मार्ग आहेत.’ दोन्ही मार्ग मांडा आणि निर्णय विचारा. कदाचित ओरडा बसेल, पण काम वाचेल.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञानं २००७ साली एका लेखात एक सोपी युक्ती सांगितली होती. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि असं धरून चालायचं की आपलं काम सपशेल फसलेलं आहे. का फसलं, ते प्रत्येकानं कागदावर लिहायचं. आपल्याकडे सीनिअरपुढे फर्स्ट इयरचं पोर बोलत नाही, पण कागदावर लिहितं. गावातल्या ज्या शाळेत मुक्काम आहे तिथं मुलींसाठी एकच स्वच्छतागृह आहे, हे कदाचित त्यातल्याच एका चिठ्ठीतून कळेल, आणि ते शिबिराच्या पहिल्या रात्रीपेक्षा महिनाभर आधी कळलेलं कितीतरी बरं.

पैशाचं थोडक्यात सांगते. रोज रात्री हिशोब लिहा. प्रत्येक खर्चाचं बिल घ्या, ते कॉलेजच्या नावाचं हवं की नाही हे आधी अकाउंट्समध्ये विचारा, आणि बिल मिळणार नाही तिथं व्हाउचरवर सही घ्या. प्रायोजकानं तोंडी कबूल केलेली रक्कम खात्यात जमा होईपर्यंत खर्चाला धरू नका. एकूण रकमेतला दहावा भाग कशालाच न वाटता बाजूला ठेवा. काम संपल्यावर पंधरवड्याच्या आत हिशोब मिटवून सगळ्यांसमोर वाचा. हे शेवटचं फार थोडे जण करतात, आणि पुढच्या वर्षी लोक पैसे कुणाच्या हाती देतात ते त्यावरच ठरतं.

मुलींना मला स्वतंत्रपणे काही सांगायचं आहे. कॉलेजच्या समित्यांमध्ये तुमच्या वाट्याला रांगोळी, सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत आणि सुंदर अक्षरातलं प्रमाणपत्र येतं. मंडपवाल्याशी घासाघीस, साउंड सिस्टिमची ठरवाठरवी, तिजोरीची किल्ली मुलांकडे जाते. कुणी मुद्दाम करतं असं नाही, पण होतं तसंच, आणि त्यात तुमचं नुकसान आहे. रांगोळी आवडत असेल तर जरूर काढा. पण पहिल्या बैठकीत हात वर करून खजिनदारपण मागा, किंवा साहित्याची जबाबदारी मागा. सळईच्या ट्रकवाल्याशी रात्री आठ वाजता ठाम आवाजात बोलायला मला नोकरीत शिकावं लागलं. ते विसाव्या वर्षी, मैत्रिणी सोबत असताना, कितीतरी सोपं गेलं असतं.

आणखी एका गोष्टीबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. अनेक शहरांत कॉलेजांच्या आसपास तयार प्रकल्प विकणारी दुकानं आहेत. मॉडेल, रिपोर्ट, काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं छापलेलं बाइंडिंग, वायव्हात काय विचारतील त्याची उत्तरं, सगळं एका रकमेत मिळतं. कृपा करून तिकडे जाऊ नका. मार्कांचा प्रश्न बाजूला ठेवा. स्वतःच्या हातानं काहीतरी बिघडवून, दुरुस्त करून, उशीर होऊन, पुन्हा मांडणी करून शिकायची संधी तुम्ही पैसे मोजून घालवता. न चाललेला पण तुम्ही स्वतः केलेला प्रकल्प घेऊन माझ्यासमोर या; तो का चालला नाही यावर आपण अर्धा तास बोलू शकतो. विकत घेतलेल्या प्रकल्पावर दोन मिनिटांत बोलणं संपतं.

प्राध्यापकांना आणि पालकांना एक विनंती आहे. मुलांच्या हातातलं काम डगमगताना दिसलं की ते काढून स्वतः पुरं करण्याचा मोह होतो, कारण पाहुणे येणार असतात, कॉलेजचं नाव असतं. सुरक्षेचा आणि पैशाचा प्रश्न असेल तेव्हा जरूर मध्ये पडा. एरवी फक्त विचारा, ‘आता काय करणार आहात?’ आणि उत्तरासाठी थांबा. घरच्यांनीही ‘अभ्यास सोडून हे काय उद्योग’ असं म्हणण्याआधी तो उद्योग नक्की काय आहे हे पोराला सांगू द्यावं.

कोर्सचं म्हणाल तर तेही वाईट नाहीत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या जगभर मान्यता असलेल्या अमेरिकेतल्या संस्थेची सीएपीएम ही परीक्षा विद्यार्थ्यांना देता येते. त्याआधी या विषयाचं २३ तासांचं शिक्षण झालेलं लागतं. पीएमपी ही मोठी परीक्षा काही वर्षं प्रकल्प चालवल्याच्या अनुभवाशिवाय देता येत नाही, तेव्हा कुणी ‘कॉलेजात असतानाच पीएमपी करून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. एखादं काम पुरं करून मग कोर्स केलात, तर पानापानावर तुम्हाला तुमची पोती, तुमचा ठेकेदार, तुमचे रजेवर गेलेले सर दिसतील आणि वाचलेलं डोक्यात राहील. एक्सेल मात्र आत्ताच शिका, कारण ते रोज लागतं.

आणि नोकरीच्या अर्जावर ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’ असे सुटे शब्द टाकण्याची पद्धत सोडा. त्या जागी तीन-चार ओळी लिहा : काम कोणतं होतं, किती माणसं, किती रुपये, किती दिवस ठरले होते, किती लागले, आणि उशीर झाला असेल तर कशामुळे. वर्ष लिहा, गाव लिहा. आकडे खरे असू द्या, कारण मुलाखतीत मी त्यावरच विचारणार आहे.